जुने मासे ठणठणीत, नवे दोन दिवसांत मेले: मुलुंडच्या एका टाकीचं पूर्ण प्रकरण

टाकी तीन फुटी. ३६ बाय १५ बाय १८ इंच, म्हणजे काचेच्या मापाने १५९ लिटर, पण खालची वाळू, लाकूड आणि वर सोडलेली जागा वजा केली की खरं पाणी १३० लिटरच्या आसपास. चार वर्षं जुनी. आत दोन मोठे एंजल, सात विडो टेट्रा, एक सकर आणि तीन पिवळ्या ॲपल गोगलगाई. एक मोठं ड्रिफ्टवूड, मागच्या बाजूने मनीप्लांटची वेल आणि तिची मुळं पाण्यात सोडलेली. एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर आणि एक इंटर्नल पॉवर फिल्टर. मालक आमच्याच सोसायटीतले काका, रिटायर्ड, आणि माशांवर त्यांचा मनापासून जीव, सकाळचा चहासुद्धा टाकीसमोर बसूनच घेतात.

तक्रार अशी की जुने मासे एकदम मस्त, खातात-पितात, रंग चांगला, पण नवीन कुठलाही मासा आणला की दोन दिवसांत खलास. आधी मॉली आणल्या, मग गप्पी, मग प्लॅटी. काकांनी दुकान बदलून पाहिलं, स्थानिक दुकान सोडून कुर्ल्याच्या मार्केटमधून आणले, तरी तेच. मॉली पहिल्याच रात्री पंख मिटून एका जागी डोलत राहिल्या, सकाळी पृष्ठभागाशी तोंड लावून होत्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या. काकांचं मत झालं की आजकाल मासेच आजारी विकतात. मी म्हटलं एकदा पाणी तपासू, तर ते म्हणाले, "अगं, हे मासे ह्याच पाण्यात चार वर्षं जगलेत, पाणी वाईट कसं असेल?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि ह्याचं उत्तर नीट समजलं की टाकीतल्या पीएचचं (पाणी किती आम्ल आहे तो आकडा, ७ च्या खाली आम्ल) निम्मं कोडं सुटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

किट उघडायच्या आधीच मला शंका आली ती गोगलगाईंमुळे. तिघींच्याही शंखाचा वरचा टोकाकडचा भाग पांढरा पडलेला, खडू उगाळल्यासारखा, आणि त्यात बारीक बारीक खड्डे. एकीच्या शंखाला तर टोकाला भोकच पडायच्या बेतात. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्ल पाणी तो हळूहळू विरघळवतं. पाणी आम्ल झालंय आणि ते बऱ्याच महिन्यांपासून तसं आहे हे त्या शंखांवर दिसत होतं. ज्यांच्याकडे टेस्ट किट नाही त्यांनी निदान गोगलगाईंकडे तरी बघावं, मासे लपवतात ते त्या दाखवतात.

मग रीडिंग घेतले. पीएचच्या थेंबांचा रंग पिवळा, म्हणजे कार्डावर ६.०. इथे बरेच जण फसतात. साध्या किटचं कार्ड ६.० ते ७.६ एवढंच मोजतं, त्यामुळे पिवळा म्हणजे "६.० किंवा त्याहून कितीही कमी". म्हणून पेन मीटर आणला, आधी ६.८६ आणि ४.०१ च्या पावडरी पाण्यात विरघळवून कॅलिब्रेट केला आणि मग टाकीत धरला, तर ५.४. केएच म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, त्याची टेस्ट म्हणजे ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा, पाणी निळं होतं आणि ज्या थेंबाला पिवळं होईल तेवढी डिग्री. इथे निळं झालंच नाही, पहिल्याच थेंबाला थेट पिवळं, म्हणजे केएच एकच्या खाली, जवळपास शून्य. अमोनिया ४ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम). नायट्राइट शून्य. नायट्रेट ४० ते ८० च्या मधे कुठेतरी, ते दोन लाल रंग वेगळे ओळखणं फार कठीण जातं. जीएच (पाण्याचा जडपणा) ७, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ४३०, तापमान २८.

तुलनेसाठी नळाचं पाणी बादलीत रात्रभर एअर स्टोन लावून ठेवलं आणि सकाळी मोजलं. रात्रभर ठेवायचं कारण असं की पाइपातून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमीजास्त विरघळलेला असतो आणि तो निघून गेल्यावर पीएच वेगळाच दिसतो, नळाखाली ग्लास धरून घेतलेल्या रीडिंगवर विसंबू नये. सकाळी पीएच ७.५, केएच ३, जीएच ३, टीडीएस ८५.

मुंबईचं पाणी असंच हलकं. भातसा, तानसा, वैतरणा ह्या बाजूचं पावसाचं साठवलेलं पाणी, जमिनीत मुरून चुनखडी घेऊन आलेलं नाही. कपड्याला साबण लगेच फेसाळतो, किटलीत पांढरा थर बसत नाही, प्यायला गोड. पण टाकीच्या दृष्टीने ह्या पाण्यात आम्ल झेलायची ताकदच कमी. ती ताकद म्हणजे केएच, पाण्यातले बायकार्बोनेट. १ डिग्री केएच म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी. आम्ल तयार झालं की बायकार्बोनेट ते गिळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो आणि पीएच फारसा हलत नाही. बायकार्बोनेट आहे तोवर हे चालू राहतं, संपलं की त्यापुढचं थोडंसं आम्लही पीएच धाडकन खाली नेतं. म्हणून पीएच महिनोनमहिने ठीक दिसतो आणि मग एखाद्या आठवड्यात कोसळतो. नुसता पीएच मोजणाऱ्याला ही घसरण येताना दिसतच नाही, केएच मोजणाऱ्याला ती दोन महिने आधी दिसते. मला विचाराल तर टेस्ट किटवर पैसे कमी असतील तर पीएचची बाटली राहू द्या आणि केएचची घ्या.

आता हे आम्ल येतं कुठून? लोक ड्रिफ्टवूडला दोष देतात, टाकीत टाकलेल्या बदामाच्या पानाला देतात. त्यांचा वाटा असतो, पण छोटा. मोठा वाटा फिल्टरचाच, तेही फिल्टर छान चालू असताना. माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे करताना आम्ल बाहेर पडतं. हिशोब ठरलेला आहे: अमोनियाच्या रूपातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत गेला की ७.१४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी संपते. १० पीपीएम नायट्रेटमधे २.२६ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो, म्हणजे टाकीत १० पीपीएम नायट्रेट वाढला की जवळजवळ १ डिग्री केएच खर्च झाला असं धरायचं. काकांच्या टाकीत नायट्रेट कमीत कमी ४० धरला तरी साडेतीन डिग्री गेली, आणि नळाच्या पाण्यात मुळात होती तीन. मनीप्लांट नायट्रेट शोषताना थोडा केएच परत देतो, पण एका वेलीने ही भरपाई होत नाही.

खाण्याच्या बाजूनेही मोजून बघितलं. काका दिवसातून तीनदा चिमूट चिमूट पेलेट टाकायचे, किचनच्या वजनकाट्यावर तोललं तर दिवसाला साधारण १ ग्रॅम. ४० टक्के प्रोटीनच्या पेलेटमधे १ ग्रॅमला ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला काही माशाच्या अंगात राहतो, काही गाळात जातो, तरी दोन-तृतीयांशाच्या आसपास नायट्रेट झाला असं धरलं तर १३० लिटरमधून आठवड्याला जवळपास १ डिग्री केएच जातो. म्हणजे पूर्ण ताजं पाणी भरून सुरू केलं तरी तीन-चार आठवड्यांत तळ गाठणार. अंदाज आहे, पण ह्या अंदाजाने डोळे उघडतात.

आणि काका पाणी बदलतच नव्हते. जुनं मुरलेलं पाणी चांगलं असतं असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं, म्हणून उडालेल्या पाण्याची फक्त भर घालायचे, तीही आरओची, कारण ते शुद्ध. आरओच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतोच. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओ घालणं तसं चूक नाही, क्षार साठत नाहीत, पण त्याने संपलेला केएच भरून येत नाही. शिवाय मधून मधून खडेमीठ घालायचे, ते टीडीएसमधे दिसतच होतं. मीठ पीएचला काहीच करत नाही, वरही नेत नाही, खालीही नाही.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. पीएच ७.५ वरून ५.४ वर एका रात्रीत नाही आला, महिनोनमहिने उतरत आला आणि जुने मासे त्याच्याबरोबर जुळवून घेत गेले. एंजल आणि टेट्रा मूळचे हलक्या, आम्ल पाण्यातले म्हणून त्यांना ते झेपलं पण. दुकानातला मासा मात्र साडेसातच्या पाण्यातून सरळ ५.४ मधे पडला. पीएचचा एक आकडा म्हणजे आम्लपणात दहा पट फरक, दोन आकडे म्हणजे शंभर पट. असल्या पाण्यात माशाच्या कल्ल्यांमधून सोडियम बाहेर गळायला लागतं आणि आत घेता येत नाही. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली की झालं असं बरेच जण मानतात, त्याने फक्त तापमान सारखं होतं. मॉली तर जड, क्षारयुक्त पाण्यातला मासा, ती सगळ्यात आधी गेली यात नवल नाही. मासे आजारी नव्हते आणि दुकानदारही खोटं बोलत नव्हता. इंग्रजी पुस्तकांतून ह्याला ओल्ड टँक सिंड्रोम म्हणतात.

खरी भीती मला अमोनियाच्या आकड्याची वाटली. ४ पीपीएम अमोनियात मासे जिवंत कसे? कारण टेस्टमधे दिसतो तो एकूण अमोनिया, त्यातला विषारी भाग किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच कमी असला की बहुतेक सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि ते माशाला फारसं बाधत नाही. २८ डिग्रीला पीएच ५.४ असताना विषारी भाग ०.०२ टक्क्यांपेक्षाही कमी. पीएच ७ ला ०.७ टक्के, ७.६ ला पावणेतीन टक्के, ८ ला साडेसहा टक्के. आणि पीएच सहाच्या खाली गेला की अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया जवळपास काम थांबवतात, म्हणूनच अमोनिया साठत होता आणि नायट्राइट शून्य होता, पहिली पायरीच बंद पडलेली. मासे त्या आम्ल पाण्यामुळेच वाचलेले होते. पीएच "दुरुस्त" केला की मरणार.

आणि नेमकं तेच होणार होतं. काकांच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर सांगितलेलं की पीएच कमी असेल तर खायचा सोडा घाला, तीन चमचे. काकांनी डबा काढून टाकीच्या शेजारी ठेवला पण होता. सोड्याचं गणित सोपं आहे, १०० लिटरला १ डिग्री केएच वाढवायला ३ ग्रॅम लागतो. सपाट चहाचा चमचा साधारण ५ ग्रॅमचा, तीन चमचे म्हणजे १५ ग्रॅम, १३० लिटरमधे जवळपास चार डिग्री. पीएच काही मिनिटांत साडेसातच्या वर. ४ पीपीएम अमोनियातला विषारी भाग ०.०००७ पीपीएमवरून ०.१ पीपीएमवर, म्हणजे दीडशे पट. ०.०२ च्या खाली ठेवायचा असतो तो. मी काकांना हे आकडे कागदावर लिहून दाखवले तेव्हा त्यांनी डबा उचलून काकूंना परत दिला आणि म्हणाले, "आता तू सांगशील तसं."

आधी अमोनिया कमी करायचा आणि पीएच त्याच्या मागून हळूहळू चढू द्यायचा, हा क्रम उलटा झाला की घात.

रोज १३ लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच नळाचं घालायचं, म्हणजे दहा टक्के. नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून अँटीक्लोरीनचे थेंब टाकून एअर स्टोनवर ठेवलेलं. पीएच अपची बाटली, सोडा, शिंपले, काही नाही. ह्या पाण्यातूनच रोज ०.३ डिग्री केएच आत जात होता, तेवढा पुरे. खाणं पहिले तीन दिवस पूर्ण बंद, काकांना हे फार जड गेलं, मासे काचेपाशी येऊन बघतात म्हणून, पण मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात आणि खाणं बंद म्हणजे नवा अमोनिया बंद. माझ्या टाकीतला मुरलेला स्पंज फिल्टर आणून तिथे लावला, कारण त्यांच्या फिल्टरमधले बॅक्टेरिया किती शिल्लक आहेत सांगता येत नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण "जुन्या टाकीत एकदम जास्त पाणी बदललं की मासे मरतात" हे सगळीकडे सरसकट सांगितलं जातं. ते अवलंबून आहे. मुंबईच्या केएच ३ च्या पाण्याने ५० टक्के बदललं असतं तर अमोनिया २ वर आला असता, केएच दीडवर, पीएच ७.२ च्या आसपास, विषारी भाग ०.०२ च्या आसपास. अमोनियाने कदाचित मेले नसते, पण टीडीएस ४३० वरून अडीचशेवर आणि पीएच जवळजवळ दोन आकडे वर, एका तासात. मला ती जोखीम घ्यायची नव्हती. हेच बोअरवेलच्या केएच १२ च्या पाण्याने केलं असतं तर पीएच आठला टेकला असता आणि अर्धा झालेला अमोनियाही त्यांना पुरला असता. पुणे, चाकण, घोडबंदर रोडकडचे जे लोक बोअरचं पाणी वापरतात त्यांनी जुनी टाकी हातात घेताना आधी आपलं पाणी मोजावं, मुंबईवाल्याचा अनुभव तिथे चालणार नाही.

चौथ्या दिवशी पीएच ६.८, केएच एकला जेमतेम. अमोनिया अडीचच्या आसपास. आठवड्याच्या शेवटी पीएच ७.०, अमोनिया दीड, आणि नायट्राइट दिसायला लागलं, ०.५. काका घाबरले, इतके दिवस शून्य होतं ते वाढलं कसं. ही खरं तर चांगली खूण होती, पहिले बॅक्टेरिया परत कामाला लागले आणि दुसरे अजून मागे आहेत. नायट्राइट वाईटच, ते रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घालवतं, पण पाण्यात क्लोराइड असेल तर कल्ल्यांतून आत कमी जातं, आणि काकांचं खडेमीठ पाण्यात आधीपासून होतं त्याचा इथे खरंच उपयोग झाला. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. ह्या सगळ्यात एकही मासा गेला नाही. एंजल दोन दिवस कोपऱ्यात रंग टाकून उभे होते, मग परत आले.

आता मुख्य प्रश्न, हे टिकवायचं कसं. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदला हा नेहमीचा सल्ला, आणि नायट्रेटसाठी तो ठीकच आहे. पण केएचचं बघा. खाणं निम्मं केलं, म्हणजे आठवड्याला अर्धी डिग्री खर्च. २५ टक्के पाणी बदलून आत येतो तो नळ आणि टाकीतल्या फरकाचा पाव भाग. नळ ३ चा, तर हा जमाखर्च टाकी १ वर आली की स्थिर होतो. म्हणजे शिस्तीने दर रविवारी पाणी बदलूनसुद्धा केएच एकवर, कड्याच्या अगदी काठावर, एक मासा दगडामागे मरून पडला किंवा पाहुण्यांच्या मुलांनी जास्त खाणं टाकलं की परत खाली. मुंबईच्या पाण्यावर भरपूर मासे असलेली टाकी नुसत्या पाणीबदलावर स्थिर राहत नाही, वरून कार्बोनेट द्यावंच लागतं. हे मला इथल्या प्रत्येक मासेवाल्याला हात धरून सांगावंसं वाटतं, कारण परदेशी व्हिडिओ बघून लोक शिकतात आणि तिथल्या बऱ्याच शहरांचं नळाचं पाणीच जड असतं, त्यांना ह्याची गरजच पडत नाही.

द्यायचं कसं याचे दोन मार्ग आहेत. सोडा मोजून देता येतो, ह्या टाकीला अर्ध्या डिग्रीसाठी २ ग्रॅम, बदलायच्या पाण्यात विरघळवून. खायचा सोडाच, धुण्याचा नाही, तो खूप तीव्र असतो आणि पीएच उसळवतो, आणि बेकिंग पावडर तर नकोच, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं. पण सोडा दर आठवड्याला आठवणीने द्यावा लागतो, काका महिनाभर लेकीकडे गेले की संपलं. म्हणून दुसरा मार्ग मुख्य ठेवला, शिंपले. कॅल्शियम कार्बोनेट पाणी आम्ल व्हायला लागलं की जास्त विरघळतं आणि पीएच साडेसातच्या वर गेला की जवळपास थांबतं, स्वतःचं प्रमाण स्वतःच ठरवतं.

दुकानात कोरल चिप्स मिळतात पण मी त्या घ्या म्हणून सांगत नाही. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि त्या पिशवीतला माल कुठून आलाय हे दुकानदारालाही माहीत नसतं. काकू मालवणच्या, त्यांच्याकडे खायला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, होतातच. त्या शिंपल्या परत दहा मिनिटं उकळल्या, जुन्या टूथब्रशने आतला चिकटलेला भाग काढला, गच्चीत चार दिवस कडक उन्हात वाळवल्या. फडक्यात घालून बत्त्याने जाडसर फोडल्या, पीठ नाही करायचं, पाणी गढूळ होतं. साधारण दोन मुठी जाळीच्या पिशवीत भरून पॉवर फिल्टरच्या तोंडासमोर, जिथे पाण्याचा झोत लागतो तिथे. नुसत्या वाळूवर टाकून ठेवल्या तर काम फार मंद होतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्यावर बुळबुळीत थर चढतो तेव्हा पिशवी टाकीच्या काढलेल्या पाण्यात चोळून धुवायची. ह्या शिंपल्या अमोनिया एकच्या खाली आल्यावरच लावल्या, आधी नाही.

काकांची एक शंका होती की एंजलला आम्ल पाणी आवडतं, नेटवर ६ ते ६.८ लिहिलंय, मग साडेसातच्या जवळ का ठेवायचं. ॲमेझॉन नदीतल्या एंजलबद्दल ते बरोबर आहे. पण आपल्याकडे येणारे बहुतेक एंजल कोलकात्याच्या बाजूचे नाहीतर चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणच्या फार्मवर पिढ्यानपिढ्या वाढलेले. त्यांना ७.२ चं स्थिर पाणी ६.५ आणि ७.५ मधे हेलकावणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी सोयीचं. पीएच डाउनची बाटली घालून आकडा खाली आणायचा तर ते आम्ल आधी केएचच खाणार, आणि तो संपेपर्यंत पीएच परत परत वर येत राहणार, माणूस परत परत बाटली ओतणार. आकड्याच्या मागे लागू नका, केएच ४ ते ५ धरा आणि पीएच जिथे स्थिरावेल तिथे राहू द्या. इथे तो ७.२ ते ७.४ वर स्थिरावला.

बदामाची दोन पानं मी राहू दिली. केएच चारच्या पुढे असताना दोन पानांनी पीएच हलत नाही, आणि टेट्रांना त्या किंचित चहाच्या रंगाच्या पाण्यात खरंच बरं वाटतं.

मग प्लॅटी आणल्या, पाच. ह्यावेळी पिशवीतलं पाणी आणि मासे बादलीत काढले आणि केमिस्टकडून आणलेल्या सलाईनच्या नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडलं, चाकी फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब, पाणी तिप्पट होईपर्यंत. नंतर जाळीने मासे उचलून टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत. पाचही टिकल्या आणि पुढच्या महिन्यात मनीप्लांटच्या मुळांत पिल्लं दिसली. मॉली मात्र ह्या टाकीत नकोच म्हणून सांगितलंय, तिला केएच-जीएच दोन्ही ह्याहून बरंच जास्त लागतं आणि एंजलसाठी तेवढं चढवण्यात अर्थ नाही. गोगलगाईंच्या जुन्या शंखावरचे खड्डे भरत नाहीत, ते तसेच राहणार, पण तोंडाकडच्या कडेला नवीन वाढलेला भाग गुळगुळीत आणि गडद पिवळा आलाय, बोटाने फिरवलं तर रेघ लागते जिथे जुनं संपून नवीन सुरू झालं.

काका आता दर रविवारी केएच मोजतात आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, आकडा लिहितात. थेंब मोजताना ५ ऐवजी १० मिली पाणी घ्यायचं म्हणजे प्रत्येक थेंब अर्ध्या डिग्रीचा होतो, हे त्यांना फार आवडलं. त्या नोंदींत दोन गोष्टी दिसल्या. मे महिन्यात सोसायटीत पाणीकपात होती तेव्हा बोअरचा टँकर आला आणि त्या रविवारी बादलीतला केएच ११ निघाला, पीएच ८. काकांनी मोजलं म्हणून कळलं, त्यांनी पाणी बदललंच नाही, खाणं कमी केलं आणि पालिकेचं पाणी परत आल्यावर बदललं. टाकीत अमोनिया शून्य असल्यामुळे आठवडा पुढे ढकलण्यात काहीच धोका नव्हता. आणि जुलैत नळाचा केएच तीनवरून दोनवर आला. पावसाचं नवीन पाणी तलावात मिसळतं, गढूळपणा वाढला की शुद्धीकरणात तुरटीसारखी रसायनं जास्त लागतात आणि तीसुद्धा अल्कलिनिटी खातात. टाकीत साडेचारचा चार झाला होता. शिंपल्यांची पिशवी काढून बघितली तर आतल्या कपच्यांच्या कडा पातळ झालेल्या, बारीक तुकडे संपून गेलेले, म्हणून आणखी एक मूठ वाढवली आणि पावसाळा संपेपर्यंत रविवारच्या बादलीत २ ग्रॅम सोडा चालू ठेवलाय. ऑक्टोबरमधे नळाचं पाणी परत मोजून सोडा थांबवायचा का ते ठरवू.